स्पंजच्या झाडांखालचं घर

३ फेब्रुवारी

आत्या,

खरं शहर दाराबाहेर उभं असताना लोक तिकीट काढून त्याचं लाकडी मॉडेल बघायला का येतात? तू विचारलंस आणि मी चांगली अडकले. मला याचं उत्तर देता येत नाही. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला नोकरी लागते आणि ती नोकरी कशासाठी आहे हेच तिला सांगता येत नाही, यावर तू बाबांजवळ काय बोलली असशील ते मला इथे ऐकू येतंय.

पण काय आहे ते तरी सांगते. आपल्या शाळेच्या मैदानाएवढं दालन आहे. त्यात हे अख्खं शहर मांडलंय. प्रत्येक इमारत, प्रत्येक पूल, प्रत्येक गल्ली. उंच इमारती माझ्या कमरेला येतात आणि साधी घरं काडेपेटीहून लहान आहेत. नदी निळसर काचेची. झाडं म्हणजे हिरव्या रंगात बुडवलेले स्पंजचे कण. भोवतीने उंचावर सज्जा आहे, तिथून लोक बघतात. अधूनमधून दालनातला उजेड मंद होत जातो आणि घराघरांत दिवे लागतात. सगळे एकदम नाहीत. इथे एक, तिथे दोन, खरे लागतात तसे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाठ केलेली सगळी माहिती विसरले आणि पाहुण्यांबरोबर नुसती उभी राहिले.

राजवाडे आणि बाजार बघून कंटाळलेल्या पाहुण्यांसाठी इथे एक वेगळं तिकीट मिळतं. त्यात तीन जागा आहेत. एक, लिफ्टची चाचणी घ्यायला बांधलेला उंच मनोरा. त्यात एकही खोली नाही, नुसत्या लिफ्ट वरखाली करतात. दुसरी, बिघडलेले सिग्नल दुरुस्त करायचं आवार. ओळीने भिंतीला टेकलेले सिग्नल लाल-हिरवे होत असतात आणि त्यांचं ऐकायला समोर एक गाडी नाही. आणि तिसरे आम्ही. एक पाहुणे सांगत होते, आशियातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत त्यांनी अशी मॉडेलं पाहिली आहेत, पण इतकं जिवंत कुठलंच नव्हतं. मी लगेच मान ताठ केली, जसं काही मीच बांधलंय.

बांधलंय ते चिमटाबाईंनी आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांनी. बाईंच्या गळ्यात दोरीला बांधलेला चिमटा असतो, म्हणून हे नाव. धूळ झाडायची वेळ आली की त्या कापडी मोजे घालतात आणि नदीतून चालत जातात, कारण माणसाचं वजन पेलेल अशी तेवढीच जागा आहे. दोन्ही काठांना कमरेएवढ्या इमारती, मधून एक जाड, चष्मेवाली बाई मऊ ब्रश घेऊन चाललेली. पण पाऊल इतकं हलकं की काचेला कळत नसेल.

आणि लोक काय करतात सांगू? आधी स्वतःचं घर शोधतात. काल एक नवरा-बायको भांडत होते. "एवढी वर्षं राहतोयस, तुला स्वतःचं छप्पर ओळखता येईना?" "मी काय पक्षी आहे, छप्पर ओळखायला?"

तू माझ्या जन्माआधी या शहरात होतीस ना? कधी बोलली नाहीस. कुठे होतीस सांग. मी शोधते.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

पदवीधरबाईंना आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या बापाला वाचून दाखवलं. बाई नदीतून चालत जाते असं आलं तेव्हा तो पाना हातात धरून तसाच बसला. म्हणाला, "ताई, पोरीची तब्येत बरी आहे ना?" सायकलचं गिऱ्हाईक ताटकळत होतं, तेही ऐकत बसलं. आता गावभर झालंय की तू खेळण्यातल्या शहराची राखण करतेस. मी सांगते, राखण नाही, मार्गदर्शन करते. त्यांना काही फरक वाटत नाही.

होते मी तिथे. घड्याळाच्या कारखान्यात. तबकडीवर आकडे काढायचं काम. हात बसावा म्हणून एकेका बाईला एकेकच आकडा द्यायचे. माझा बारा. माझ्या शेजारी बसायची ती बुटकी, तिचा सहा. ती म्हणायची, "लांबडे, या शहराची दुपार तुझी आणि संध्याकाळ माझी." दुपारी जेवायची सुट्टी, संध्याकाळी घरी जायची. म्हणजे दिवसातलं चांगलं तेवढं आमच्या दोघींच्या हातचं. आठवाली बाई जळायची आमच्यावर, कारण आठला हजेरी.

कारखान्यामागे पाण्याच्या टाकीला लागून कामगारांची इमारत होती. तीन मजली, जिना लोखंडी, बाहेरून. वरच्या मजल्यावरची टोकाची खोली आमची. बुटकी तिथे आधीपासून होती, मी नंतर गेले. पहिल्या दिवशी तिने मधोमध खडूने रेघ मारली, इकडची बाजू तुझी, तिकडची माझी. आठवड्याने तीच रेघ तिने पुसली, म्हणाली, "तुझ्या बाजूला खिडकी आहे, मला नाही परवडत."

बघ, असली तर. नसली तरी काही बिघडत नाही. उगीच चिमटेवाल्या बाईला त्रास देऊ नकोस. मला काही तिकडे यायचंबियायचं नाही. गणवेशांचा ढीग पडलाय शिवायला, आणि गुडघे म्हणजे बिनतेलाचं दार.

जेवत जा.

आत्या


२२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी दालनात, कामावर जायच्या आधी, सज्ज्यावर उभी राहून वाचलं. मला माहीतच नव्हतं. तू आकडे काढायचीस! शाळेत असताना माझ्या पाढ्यांच्या वहीवरचे आकडे तू इतके सुंदर काढून द्यायचीस की बाई विचारायच्या, छापलेत का. मला वाटायचं सगळ्यांच्या आत्यांना असे येतात.

पाण्याची टाकी लगेच सापडली. तिच्यावरून कारखाना सापडला. त्याच्या जागी आता काचेची कचेरी आहे, पण जुनी चिमणी शोभेसाठी ठेवली आहे. मग मागची बाजू बघितली. आत्या, तिथे बाग आहे. कामगारांची इमारत नाही. टाकीपासून रस्त्यापर्यंत हिरवंगार, मधे वळणाची पायवाट, आणि पायवाटेवर नखाएवढी बाकं.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, बाग फार सुंदर आहे. झाडं दोन-तीन वेगवेगळ्या हिरव्यांत रंगवलीत, एखादं पिवळसरही आहे, कारण सगळीच झाडं कधी एकदम हिरवी नसतात. तुझी खोली जिथे होती तिथे साधारण एक बाक आलं आहे. मी ठरवून टाकलंय की ते बाक तुझं आणि बुटकीचं. माझ्या गटांना आता मी ते मुद्दाम दाखवते. म्हणते, या शहराची दुपार जिने काढली ती इथे राहायची. लोक वाकून बघतात.

बुटकी आता कुठे असते?

तुझी भाची


२ मार्च

पोरी,

बाग झाली ते बरं झालं. तिथे पूर्वी एक झाड नव्हतं, कपडे वाळत घालायला आम्ही टाकीच्या खांबाला दोरी बांधायचो. झाडं कुठली लावलीत ते कळलं तर लिही. सावलीची असली म्हणजे झालं.

बुटकी कुठे असते ते मला माहीत नाही.

तुझ्या बापाला खोकला झाला होता, आता बरा आहे. गणवेश अर्धे झाले. बाकी काही नाही.

आत्या


२५ मार्च

लाडक्या मुलीस,

पत्रावर ग्रीसचा डाग पडलाय, तिकडे बघू नकोस. मी लिहिलंय हे ताईला कळता कामा नये. ती किराणा आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो.

ताईच्या खाटेखाली एक बॅग असते. लहानपणी तू तिच्यावर बसून घोडा घोडा करायचीस. वर्षातून एकदा ती बॅग उन्हात उघडी ठेवते, सगळं झटकते आणि परत भरते. तुला वाटायचं जुने कपडे. ते जुने कपडे नाहीत, जायचे कपडे आहेत. तुझी आई गेली तेव्हा ताई महिन्याभरासाठी म्हणून आली होती. नंतर मी तिला कधी जा म्हणालो नाही आणि ती मला कधी जाते म्हणाली नाही. पण बॅग भरलेली होती, तोवर मला वाटायचं, ठीक आहे, तिचं दार उघडं आहे.

तुझं मागचं पत्र आलं त्या दिवशी तिने बॅग रिकामी केली. कपडे कपाटात लावले. बॅग शेजारणीला दिली, कांदे ठेवायला.

ती बोलते, हसते, मला शिव्या देते. सगळं नेहमीसारखं आहे. पण दुपारचे बारा वाजले की हातातलं काम थांबवून घड्याळाकडे बघायची तिची सवय होती, ती गेली. तू म्हणशील, बाबांना हे कसं कळलं. चाकाची एक तार ढिली आहे हे ज्याला आवाजावरून कळतं, त्याला बहिणीचं कळणार नाही का.

तू काय लिहिलं होतंस? ती मला मोठ्याने वाचून दाखवते ना पत्रं. ते नाही दाखवलं.

बाबा


६ एप्रिल

आत्या,

मी तुला खोटं लिहिलं. मुद्दाम नाही, पण खोटंच. बाग नाही. अजून झालेलीच नाही.

मला कुणी काही सांगितलं वगैरे नाही हं. सहज मनात आलं म्हणून चिमटाबाईंना विचारायला गेले, ही बाग कधी झाली? त्या एका पुलाला रंग देत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झाली कुठे? व्हायची आहे."

"मग इथे कशी?"

"इथे झाली. मंजुरीचा कागद आला की जुनं काढायचं, नवं लावायचं. तिकडे पाडायला किती वर्षं लावतात त्याच्याशी मला काय करायचंय? आपलं मॉडेल शहराच्या दोन पावलं पुढे असतं." हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मला हसावं का रडावं कळेना. म्हणजे मी रोज पाहुण्यांना हातातली काठी फिरवून सांगते, हे आमचं शहर, आणि त्यातला कोपरान्‌कोपरा झालाय की व्हायचाय, देव जाणे! आणि जो व्हायचाय त्यातलं बाक दाखवून मी तुझं घर पुसून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी गेले. टाकी आहे. चिमणी आहे. आणि मागे तुझी इमारत उभी आहे, तीन मजली, बाहेरून लोखंडी जिना, तू लिहिलंस तशीच. खिडक्यांची तावदानं काढून नेलीत, दारं काढून नेलीत. सगळी रिकामी. फक्त वरच्या टोकाच्या खोलीबाहेर एक दोरी टाकीच्या खांबापर्यंत बांधलेली आणि तिच्यावर एक टॉवेल वाळत होता.

मी खाली उभी राहून बघतेय तोवर वरून आवाज आला. "कचेरीतली असशील तर उद्या ये, आज मी घरात नाही."

मी म्हटलं, "मी लांबडीची भाची."

दोरीवरचा टॉवेल बाजूला सरकला. मग, "मधली पायरी सैल आहे. तिच्यावर पाय देऊ नकोस."

आत्या, ती माझ्या खांद्यालाही लागत नाही. केस पांढरे, पण हात तुझ्यासारखे, बोटं काहीतरी बारीक धरल्यासारखी जवळ जवळ. तिने मला आपादमस्तक बघितलं. "तू ती का? जिच्यासाठी गेली?" तू मला ते कधी सांगितलंच नव्हतंस. मग स्वतःच म्हणाली, "चांगली वाढवलीये. पण पाठ सरळ ठेव, तिच्यासारखी वाकू नकोस."

मी बागेचं सांगितलं. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "माझ्या डोक्यावर झाड लावलंय? कुठलं? आणि बाकावर कोण बसतं, मला न विचारता?" मग डोळे पुसले आणि विचारलं, "लांबडीला खरं वाटलं ते?"

हो, म्हटलं.

इमारतीतल्या सगळ्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या खोल्या मिळाल्या आहेत. तिलाही मिळाली आहे, अकराव्या मजल्यावर. मे अखेरपर्यंत किल्ली घेतली नाही तर ती खोली दुसऱ्या कुणाला देतील आणि ही इमारत तर पाडणारच आहेत. मी विचारलं, मग घेत का नाही? मला वाटलं खोल्या वाटणाऱ्या कचेरीशी काही भांडण असेल. ती म्हणाली, "नवा पत्ता लांबडीला कोण कळवणार? मला आकडे सोडून काही लिहिता येत नाही. पानभर सहा काढून पाठवू?"

"पण त्यांना जाऊन किती वर्षं झाली."

"महिन्याभरात येते म्हणाली होती."

"अहो, पण..."

"उशीर झाला म्हणजे येणार नाही असं असतं का? आणि आली तर कुठे शोधेल? बागेत?"

तिच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. तबकडीवर दोनच आकडे. वर बारा, खाली सहा. बाकीची तबकडी कोरी. म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघींनी कारखान्यातल्या टाकाऊ तबकडीवर काढले होते. घड्याळ वेळ अगदी बरोबर दाखवतं. मी या शहरातल्या पाहण्यासारख्या सगळ्या जागा पाहिल्या, आत्या, ज्या तिकिटात आहेत त्या आणि नाहीत त्याही. इतकं सुंदर काही पाहिलं नाही.

मे अखेरपर्यंत ये. मी स्टेशनवर उभी राहीन.

तुझी भाची


१७ एप्रिल

पोरी,

आधी बाग दाखवलीस, मी झाडांची चौकशी केली. आता म्हणतेस बुटकी आहे. पत्र आल्यापासून मी सगळ्या गणवेशांना बटणं उलट्या बाजूला लावतेय. हेडमास्तर येऊन गेले. म्हणाले, बाई, मुलांच्या शर्टांना मुलींची बटणं का?

मी येणार नाही.

मी पत्र का नाही पाठवलं ते ऐक. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. पत्र गेलं असतं तर खालच्या मुकादमाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मुकादम म्हणजे चालता-बोलता भोंगा. माझं रडगाणं साऱ्या इमारतीने ऐकलं असतं. म्हटलं, जाऊनच सांगू. महिना म्हणाले होते, तो महिना वाढत वाढत तुझ्या वयाचा झाला. आता कुठल्या तोंडाने तो जिना चढू? ती रागावली असती तर बरं होतं. रागावलेल्या माणसासमोर जाता येतं. ही तर वाट बघत बसलीये.

तिला सांग, किल्ली घे. माझं नाव सांगू नकोस, मुद्दाम उलटं करेल. तुझ्या कचेरीतलं कुणी मोठं असेल त्याला सांगायला लाव. पण तिची खोली जाऊ देऊ नकोस. एवढं माझं कर.

आणि तू आता स्वतःला बोल लावत बसशील, म्हणून सांगते. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. बॅग भरून तयार होती, गाडीची वेळही विचारून ठेवली होती. तू तेव्हा नुकती बोलायला लागली होतीस. लोकांची पोरं आई, बाबा म्हणतात. तुझा पहिला शब्द "का". दिवसभर का, का, का. तुझा बाप हात जोडायचा. मला वाटलं, हिला उत्तरं द्यायला कुणीतरी लागणार. मग राहिले. राहिले ती आवडीने राहिले, हे नीट ध्यानात ठेव.

बॅगही आता नाही. तिच्यात शेजारणीचे कांदे आहेत.

आत्या


९ मे

आत्या,

ज्या बाईने हे पत्र तुझ्या हातात दिलं तिला आधी आत घे. मग वाच. आणि मोठ्याने वाच, कारण तिला वाचता येत नाही आणि यात काय लिहिलंय ते मी तिला सांगितलेलं नाही.

तुझं मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं. तू नको म्हटलं होतंस, पण त्या इमारतीत आता ऐकायला भिंतींशिवाय कुणी उरलेलं नाही, भोंगा मुकादमही गेला. कांद्यांपाशी ती हसली. "कुठल्या तोंडाने" पाशी म्हणाली, "आहे तेच आण म्हणावं, दुसरं कुठून मिळणार." बटणांपाशी मात्र तिने तोंड फिरवलं आणि बराच वेळ दोरीवरचा टॉवेल चाचपत राहिली, वाळला होता तरी.

मग मी माझं सगळं शिक्षण पणाला लावून तिच्याशी वाद घातला. म्हटलं, तुम्ही इथे बसून वाट बघता, ती तिथे बसून घाबरते. कुणीतरी एकीने उठायला हवं. तिचे गुडघे दुखतात, तुमचे?

"माझे लहान आहेत, कमी दुखतात," ती म्हणाली. "पण मी निघाले आणि लांबडी तिकडून निघाली असली तर? चुकामूक झाली तर?"

"ती निघणार नाही, आत्ताच वाचलं ना!"

"तू तिला ओळखत नाहीस. ती नाही म्हणाली की दोन दिवसांनी येते."

तिची अट अशी की ती परत येईपर्यंत खोलीत कुणीतरी बसलं पाहिजे. कोण बसणार त्या पडक्या इमारतीत? मी दालनात येऊन हे चिमटाबाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "जिना खरंच बाहेरून आहे?"

तिसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. त्यांनी ती इमारत स्वतःच्या हाताने बनवली होती आणि कागद आल्यावर स्वतःच्याच चिमट्याने उचलली होती, पण खरी कधी पाहिली नव्हती. कारखान्याच्या नकाशांवरून केली होती. जिन्याचा कठडा त्यांनी हात लावून पाहिला, वरपर्यंत गेल्या, सैल पायरीवर पाय दिला आणि बुटकीच्या शिव्या खाल्ल्या. मग घड्याळासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "सहाचं पोट कसं वळवलंत? ब्रश न उचलता?" आणि त्या दोघी आकड्यांवर बोलत बसल्या, मी तिथे आहे हे विसरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मॉडेलमध्ये बागेच्या मधोमध कामगारांची इमारत परत उभी होती, नव्या कठड्यासकट. चिमटाबाई काढलेल्या इमारती खणात जपून ठेवतात, हेही मला तेव्हाच कळलं. संचालक खाली आले. "मंजूर झालेल्या बागेत ही इमारत काय करते?"

"माणूस राहतंय," चिमटाबाई म्हणाल्या. "निघालं की काढेन."

"उद्या परदेशी पाहुण्यांचा गट आहे. ते विचारतील."

"विचारू देत. पोरीला सांगता येतं."

तो गट माझा पहिला मोठा गट होता, आत्या. मी तो माझ्या जोडीदारणीला दिला आणि रजा टाकली. त्या वेळी थोडं वाईट वाटलं, तुला खोटं सांगत नाही. पण ती संध्याकाळी सांगत आली की दिवे लागायच्या वेळी सज्ज्यावर सगळे त्या एका खिडकीकडे बघत होते. चिमटाबाईंनी वरच्या टोकाच्या खोलीत दिवा बसवला आहे. बाकीची इमारत अंधारात आणि टोकाला तो एक. कुणीतरी विचारलं, तिथे कोण राहतं? पुढे काय सांगायचं ते मी तिला लिहून दिलं होतं.

परवा आम्ही नव्या घराची किल्ली घेतली. कचेरीतला माणूस म्हणाला, इथे सही करा. बुटकीने त्याच्या हातातलं पेन घेतलं, टोक बघितलं, नाक मुरडलं आणि सहीच्या जागी एक सहा काढला. त्या माणसाने तो कागद उजेडात धरून शेजारच्याला दाखवला. खोली अकराव्या मजल्यावर आहे, खिडकी मोठी आहे. मी विचारलं, खडूची रेघ कुठे मारायची? ती म्हणाली, लांबडी येऊन बघेल आणि मग भांडू.

जुन्या खोलीत सध्या चिमटाबाई आहेत. सोबत लाकूड, ब्रश आणि कंदील घेऊन गेल्यात. आम्ही परत येईपर्यंत हलणार नाहीत. तू तिथे जाऊन पोचलीस तर तुला तसं सांगायचं आहे, हे बुटकीने त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मी बाबांच्या दुकानात बसून हे लिहितेय. बाबांनी गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलंय आणि ते कधीपासून एकच चाक फिरवून बघताहेत. बुटकी स्टुलावर बसली आहे, हातात फडक्यात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे, आणि सारखी विचारतेय, पत्र संपलं का, किती लिहितेस, तुझ्या आत्याला कमी शब्दांतलं कळत नाही का. आता तिला घर दाखवून मी परत इथेच येऊन बसणार आहे. तुमचं झालं की हाक मार. घाई नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून आलेलं नाही.

आणि हो, बॅग. ती मी येता येताच शेजारणीकडून मागून आणली. कांदे इथे दुकानात टोपलीत काढून ठेवलेत, ते तिला परत करायचे आहेत. बॅग आतून पुसली, झटकली, आणि दाराशी उन्हात उघडी ठेवली आहे.

तुझी भाची